शुद्धिपत्र

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी
संस्थेची जीप सत्तरीत शिरली.
मागच्या सीटवर मी, बिस्किटांच्या खोक्यांना टेकून:
पणजीच्या एका दैनिकातला उपसंपादक,
सुट्टीच्या दिवशी दुभाषा, रोज बाराशे.

जयवंती माजिक यांनी घर धुऊन ठेवलं होतं.
भिंतीवर चिखलाची रेघ छातीएवढी,
पण जमीन सारवलेली, अजून ओली,
आणि अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं,
कारण माणसं यायची होती.

एल्टननं कॅमेरा खाली केला.
"रोजचं काही नेसतील का, विचार."
मी विचारलं.
"रोजचें व्हांवन गेलें. हें माळ्यार आशिल्लें, म्हूण उरलें,"
त्या म्हणाल्या, आणि हसल्या.
"हसू नका म्हणावं."
एल्टन वाईट माणूस नव्हे,
सकाळी स्वतःच्या पैशांनी त्यानं औषधं वाटली होती.
"हसऱ्या फोटोला कुणी शंभर रुपये देत नाही.
मी करून पाहिलंय."

गेलं ते त्यांनी मोजून सांगितलं:
काजूच्या बियांची दोन पोती, अकरा कोंबड्या,
मुलीच्या दाखल्यांची पिशवी.
शिवणयंत्र गेलं नाही, पण गंजेल.
उरलं तेही सांगितलं:
माळ्यावरचं भाताचं बियाणं,
गाय, जी आपणहून देवळाच्या चढावर गेली,
आणि नवरा, तो काय, असून नसल्यासारखा.
मी भाषांतर केलं:
सर्वस्व वाहून गेलं.
तीन शब्द. मथळ्यात बसतात.
दुसऱ्या दिवशी आमच्याही पेपरात बसले.

मग त्यांनी विचारलं,
विहीर गाळानं भरलीय, दोन तास पंप मिळेल?
फॉर्मवर रकाने होते धान्य, ताडपत्री, ब्लँकेट, इतर.
'इतर'पुढे बोटभर जागा.
मी लिहिलं 'पाणी'.
आठवड्यानं गावात नऊशे बाटल्या आल्या.

पंधरा दिवसांनी मांडवीच्या पुलाजवळ फलक लागला.
वीस फुटी चेहरा, हसू पुसलेला.
'सुमन तुमच्या पाचशे रुपयांची वाट पाहते आहे.'
कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत:
गोपनीयतेसाठी नाव बदलले आहे.
कदंबाच्या खिडकीतून त्यांच्या भाच्यानं पाहिलं.

रात्री फोन.
"तोंड म्हजें. नांव कोणाचें?"
मी नियम सांगू लागलो. तुमचा सन्मान, बाई, जपावा म्हणून...
"मग तोंड बदलपाचें आशिल्लें.
नांव म्हजें बरें आसा. बापायन दवरलां."
जरा थांबून,
"आनी हांव कोणाची वाट पळयना.
पंपाची पळयताली. तो आयलो ना."

फलक चालला.
एल्टननं आकडा कळवला, खरंच आनंदानं.
त्या पैशांतून चाळीस घरांवर पत्रे चढले, हेही खोटं नाही.
एक घर जयवंतीबाईंचं.

मी चार ओळी लिहून पानात सोडल्या:
'सर्वस्व' असे छापले गेले आहे. ते
'दोन पोती काजूच्या बिया, अकरा कोंबड्या, एक पिशवी' असे वाचावे.
'सुमन' हे 'जयवंती माजिक' असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.
संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"शुद्धिपत्र तारखेचं असतं, आडनावाचं असतं.
हे काय आहे?"
त्या जागी लग्नाच्या हॉलची जाहिरात गेली.

तुळशीच्या लग्नाला मी गावात गेलो.
विहीर बायकांनीच उपसली होती,
घागरी, बादल्या, एक रंगाचा रिकामा डबा,
कुठल्याशा गुरुवारी, कुणी बघायला नसताना.
किती बादल्या निघाल्या, मी विचारलं.
वहीसुद्धा काढली. खोड जात नाही.
"कोण मेजता?" म्हणत
त्यांनी तांब्या पुढे केला.
पाण्याला अजून मातीचा वास होता.
मी प्यालो.